फोटोतला मोगरा

“कुणाचा विश्वास बसणार नाही!” म्हणत मनोहरपंतांनी भिंतीवरची फ्रेम उतरवली. थोरल्या बहिणीने, आक्कांनी, नुकतंच विचारलं होतं, “नव्या सुनेला येतं तरी काय?” आणि ऋजुताची मान खाली गेली होती.

“लग्नाच्या फोटोवर पांढऱ्या रेघा उमटायच्या, आक्का. नवरानवरी जणू गजांआड! हिने प्रिंटरचं तुंबलेलं हेड साफ केलं, कागद चकचकीत बाजूने लावला, आणि असे रंग उतरले, असे रंग उतरले, की गजऱ्यातल्या मोगऱ्यावर मधमाश्या आल्या. मी स्वतः हाकलल्या!”

आक्कांनी नकळत फ्रेम नाकाशी नेली आणि सुनेकडे कौतुकाने पाहिलं.

“बाबा, काहीतरीच काय!” ऋजुताला हसू आवरेना. “त्या दिवशी मी माहेरी होते. आणि तुमच्या बोटांची शाई अजून गेलेली नाही!”