उलटे स्पीकर

"काका, स्पीकर आत लावतात. तुम्ही उलटं सांगताय."

प्रबुद्ध स्टुलावर चढला होता, हातात ड्रिल. तो वरच्या मजल्यावर राहायचा आणि मालिकांच्या सेटवर साउंडचं काम करायचा, म्हणून नंदकिशोरांनी त्यालाच धरलं होतं.

"हॉलमध्येच लाव," नंदकिशोर म्हणाले. "तोंड शेजारच्या भिंतीकडे."

"म्हणजे पिक्चर आत आणि आवाज बाहेर? झकास! मग तिकीट शेजारच्या शकुमावशींकडून घ्या."

"मला कानाशी मोठा आवाज सोसत नाही."

त्यांची मुलगी गंधाली ओट्यापाशी चहा गाळत होती. आईला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि बाबा आईच्या खोलीत थिएटर बांधत होते. आईने पिक्चरला चला म्हटलं की ज्यांचं डोकं दुखायचं, ते बाबा.

नाहूरचं ते घर म्हणजे हॉल, स्वयंपाकघर आणि ही एक खोली. आजारपणात आई खोलीत होती, तेव्हापासून बाप-लेक हॉलमध्येच झोपत. भिंती अशा, की पलीकडे शकुमावशींनी पोळी लाटली तरी इकडे कळायचं.

तेराव्यानंतर एका दुपारी गंधालीला मोठ्याने रडू फुटलं, तर मावशी लगेच दारात हजर. "अगं, तूच अशी खचलीस तर भावोजींनी कोणाकडे बघायचं? पूस बघू डोळे."

तिने पुसले. त्यानंतर रडू आलं की ती बाथरूमची कडी लावायची, नळ मोठा सोडायची आणि त्या आवाजाखाली रडून घ्यायची. बाहेर आल्यावर कोणी विचारायच्या आत म्हणायची, "शाम्पू गेला डोळ्यात."

बाबा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "किती वेळ नळ सोडतेस? टाकी रिकामी होते."

बस, एवढंच. ते स्वतः एकदाही रडले नव्हते.

पैसे बेताचे होते. एफडी आजारपणातच मोडल्या होत्या. खोलीचा आवाज अडवणारा फोम परवडेना, तेव्हा प्रबुद्ध म्हणाला, "जाड कापड पण चालेल, काका. जुन्या गोधड्या वगैरे आहेत का?"

नंदकिशोरांनी माळ्यावरून गाठोडं काढलं. बायकोने, जयंतीने, आपल्या जुन्या साड्या जोडून शिवलेल्या गोधड्या. ते स्वतःच खिळे ठोकू लागले.

"बाबा, त्या आईच्या आहेत."

"म्हणून तर जाड आहेत. दोऱ्यात तिने कधी काटकसर केली नाही."

गंधाली तिथून निघून गेली. बाथरूममध्ये नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर हातोडी थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात दिवे बसले, माइक बसला. माइकही नंदकिशोरांनी बाहेर, दाराच्या चौकटीवर लावायला लावला.

"आत बसलेल्या माणसाला काही बोलावं लागू नये," ते म्हणाले.

"राजेशाही आहे बुवा! आता बघा काका, ठरलेले शब्द माइकसमोर बोललात की आतले दिवे मंद होणार आणि बाहेर पिक्चरचा आवाज दणक्यात सुरू. शब्द काय ठेवू? 'चालू कर'?"

"ते मी ठेवीन. कसं करायचं तेवढं दाखव."

"खुर्ची मात्र एकच दिसतेय."

"एकच पुरे."

गंधाली हे ऐकत होती. त्याच संध्याकाळी तिने तेजलला फोन केला. मैत्रिणीच्या कांदिवलीच्या घरात एक खोली रिकामी होती.

"तुमचं थिएटर झालं की मी जाते, बाबा. तेजलकडे. कायमची."

नंदकिशोर पक्कड पुसत होते. "जाते म्हणू नये. येते म्हणावं."

"ते आई सांगायची."

"हो." त्यांनी पक्कड पेटीत ठेवली. "रविवारपर्यंत थांब. टेस्टिंग राहिलंय."

शनिवारी त्यांनी प्रबुद्धला आत उभं केलं. "मी शकुताईंकडे जाऊन ऐकतो. तू ओरड."

"अहो, एखादा पिक्चर लावून बघू ना!"

"प्रोजेक्टर उद्या आणतोय. तू ओरड. पोटातून."

प्रबुद्धने दार लावून बोंब ठोकली. हॉलमध्ये उभ्या गंधालीलाही ती ऐकू आली, पण उशीत तोंड खुपसून ओरडल्यासारखी. नंदकिशोर परत आले. किती दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता. "तिथे काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. "अजिबात नाही."

रविवारी सकाळी गंधालीची बॅग दाराशी तयार होती. तिने चपला घातल्या.

"पाच मिनिटं आत बसून बघ," नंदकिशोर म्हणाले. "मग जा."

"मला नाही बघायचा पिक्चर."

"माझ्यासाठी."

तिने चपला काढल्या आणि ती आत गेली. चारी बाजूंनी आईच्या साड्या होत्या. तिच्या बारशातली जांभळी, शाळेच्या गॅदरिंगला नेसलेली पोपटी, रोज स्वयंपाक करताना नेसायची ती राखाडी. अजून त्यांना कापराचा वास होता. खुर्ची आईचीच होती, खिडकीजवळची. गंधाली टेकली आणि समोर बघू लागली. पडदा नव्हता. तिथेही गोधडीच होती. तिने मागे वळून प्रोजेक्टरच्या फळीकडे पाहिलं. फळीवर पाण्याचा तांब्या होता, पेला होता आणि घडी घातलेला धुतलेला पंचा.

"बाबा, प्रोजेक्टर कुठाय?"

नंदकिशोर दाराशी उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दार हळूहळू ओढून घेतलं. फट मिटता मिटता तिला त्यांचा आवाज ऐकू आला. माइकजवळ तोंड नेऊन, एकेक अक्षर सुटं करत ते ठरलेले शब्द म्हणत होते,

"नळ सोड."