चार तासांची पाळी

"आजही चारच तास, अर्धीच मजुरी!" घरात शिरताच रेवती कुरकुरली. घरी जिची वाट पाहिली जाते, तिला काजू कारखान्यातलं यंत्र लवकर सोडायचं. दाराकडे वळणारी नजर त्याला दुरूनही कळायची.

"तुझ्यामुळेच होतं हे, आई. सारखी दाराकडे बघू नकोस."

"मी अंगणातली कोकमाची सोलं सुकली का ते बघते," आईनं झाकून ठेवलेली पेज पुढे सरकवली. "तू कोण लागून गेलीस गं, वाट बघायला?"

त्या रात्री आई झोपेतच गेली.

सुतक फिटल्यावर रेवती कामावर आली. यंत्र म्हणालं, "आज पूर्ण आठ तास."

तिला कधीपासून एवढेच हवे होते. हातातला काजूगर तिनं खाली ठेवला.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "मला लवकर घरी यायला आवडायचं गं."