पकड

चौथ्या मजल्यावर एकही टाय जागेवर नव्हता. सुरक्षा तपासनिसाने परांचीचा उभा पाइप धरून हलवून पाहिला. पाइप हलला, त्याच्यासोबत फळ्या हलल्या आणि फळ्यांवर उभे असलेले सातही गवंडी हलले. परांचीला इमारतीशी धरून ठेवणारे ते टाय, आडव्या पाइपांचे तुकडे, प्लास्टरच्या आड येत होते, म्हणून कोणीतरी ते काढून कोपऱ्यात नीट रचून ठेवले होते. बाहेरून हिरवी जाळी ताणलेली. वारा आला की ती पोट काढल्यासारखी फुगायची.

तो खाली उतरला. शिडीच्या तोंडाशी लाल पाटी बांधली आणि वर बघून ओरडला, "काम बंद! सगळे खाली या!"

पत्र्याच्या खोलीतून मुकादम धावत आला. मुकादम म्हणजे तपासनिसाचा जावई, एकुलत्या एका लेकीचा नवरा.

"मामा, हे काय चालवलंय? दुपारी मालक येतोय. समोरची भिंत झालेली दिसली पाहिजे त्याला. दोन तास थांबा, मग बांधा तुमचे टाय."

"जावईबापू, आधी माणसं खाली. मग तुम्ही म्हणाल तसं."

"कोणी उतरायचं नाही!" मुकादम वर बघून गरजला.

गवंडी थापी हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

मुकादमाने पाटी ओरबाडून चिखलात फेकली. तपासनिसाने ती उचलली, पँटला पुसली आणि पुन्हा बांधली. मुकादमाने ती पुन्हा उपटली आणि सासऱ्याच्या छातीवर असा धक्का दिला की तो विटांच्या ढिगावर उताणा पडला. कोपर फुटलं. रक्त मनगटापर्यंत आलं.

"सासऱ्याचा मान घरी," मुकादम म्हणाला. "इथं मी सांगेन ते." त्याने शिडीच्या दांड्यावर उजवा हात ठेवला आणि मान वर केली. "चालू ठेवा रे!"

तपासनीस उठला. कमरेचा पाना काढला आणि त्या हातावर पूर्ण ताकदीने घातला.

हाड मोडल्याचा आवाज वरच्यांनीही ऐकला. मुकादम गुडघ्यांवर कोसळला आणि जनावरासारखा ओरडला. गवंडी भराभर उतरले. दोघांनी तपासनिसाला मागून कवळ घातली, एकाने पाना हिसकावला.

"अहो, जावई आहे तुमचा!" सगळ्यांत वयस्कर गवंडी म्हणाला.

"म्हणून हातावर घातला." तपासनीस धापा टाकत उतरलेली डोकी मोजत होता. सात भरली. "आता फाटकापाशी जा. एकानेही इथं थांबायचं नाही."

गवंडी मागे सरले. तेवढ्यात मुकादम उठला. तोंड पांढरंफटक, ओठ चावून रक्ताळलेला. सात माणसांसमोर सासऱ्याचा मार खाल्लेला माणूस.

"पडते म्हणता ना परांची? बघाच आता."

मोडका हात पोटाशी धरून तो एका हाताने शिडी चढू लागला. तपासनीस शिडीकडे धावला आणि पहिल्याच पायरीशी थांबला. त्याच्यामागे चढणं म्हणजे परांचीवर आणखी एक वजन. तो वळला आणि इमारतीच्या आतल्या जिन्याने धावत सुटला.

चौथ्या मजल्यावरच्या खिडकीला अजून चौकट बसली नव्हती. त्या भोकातून त्याला जावई दिसला. डाव्या हाताने पाइप धरून तो फळीवर उड्या मारत होता.

"दिसतंय का? नाचतोय मी! कुठं पडते?"

"आत ये! आधी आत ये!" लग्नानंतर पहिल्यांदाच तपासनिसाने त्याला अरेतुरे केलं.

वारा आला. जाळी फुगली आणि परांची भिंतीपासून सुटली. आधी वीतभर, मग हातभर. खाली गवंडी किंचाळले. फळी मुकादमाच्या पायाखालून निघून गेली. तो डाव्या हाताने पाइपला लटकला, आणि पाइप त्याला घेऊन बाहेर झुकू लागला.

तपासनीस खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकला. भिंतीच्या बाजूला होता तो उजवाच हात, सुजलेला, भलत्याच जागी वाकलेला. त्याने तोच धरला.

"सोड तो पाइप!"

"नाही!"

"सोड म्हणतो ना!"

मुकादमाने पाइप सोडला. सगळं अंग मोडक्या हातावर आलं. आत हाड हाडावर घासलेलं तपासनिसाला आपल्या तळव्यात कळलं. मुकादम किंचाळत होता, "मामा, सोडा! हात सोडा! मेलो!" तपासनिसाने दोन्ही गुडघे भिंतीला रोवले आणि ओढलं. विटेच्या कडेने त्याच्या पोटाचं कातडं सोललं. तो स्वतःही ओरडत होता. मागे परांची खाली गेली, आणि पाइपांच्या त्या आवाजात दोघांचं ओरडणं बुडून गेलं.

मग ते दोघं खोलीत जमिनीवर पडले होते. खिडकीतून सिमेंटची धूळ आत येत होती. खालून कोणीतरी हाका मारत होतं.

मुकादम कसाबसा उठून बसला. डाव्या हाताने त्याने सासऱ्याच्या तोंडात एक सणसणीत ठेवून दिली. तपासनीस हलला नाही. मग मुकादमाने त्याच हाताने त्याची कॉलर धरली, आणि तपासनीस उठला तसा तिच्या आधाराने तोही उठला.

जिना उतरून, धूळ ओलांडून, गवंड्यांच्या मधून फाटकाबाहेर येईपर्यंत त्याने ती सोडली नाही.