बरका फणस आणि कवळी

सहदेवतात्यांचं तोंड उघडेना.

त्यांनी दोन्ही हातांनी हनुवटी खाली ओढली. हनुवटी सुटली नाही, सगळं डोकंच खाली आलं.

घडलं ते एवढंच. बरका फणस गिळायचा असतो, त्याला दात लागत नाहीत. म्हणून तात्यांनी वरची-खालची कवळी काढून फणसाखालच्या पेपरावर ठेवली. तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडे शेजारचा भागोजी दिसला. शिव्यांना मात्र दात लागतात. तात्यांनी घाईनं कवळी तोंडात कोंबली आणि आवेशानं दात आवळले. पेपरावरचा सगळा चीक कवळीला लागला होता. भागोजी नेहमीसारखा थांबला, वाट बघितली, आणि शिव्या येत नाहीत म्हटल्यावर घाबरून घरात गेला.

तात्यांची एक नाकपुडी सर्दीनं बंद होती. दुसरी बंद पडली तर? त्यांना दरदरून घाम फुटला.

"उंऽऽ!"

त्यांची बायको जाईबाई हातांना खोबरेल चोपडून दुसरा फणस फोडत होती. तिनं वर बघितलं. मग पेपराकडे. मग पुन्हा तोंडाकडे.

"चिकटला?"

तात्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं.

सून दर्शना धावत आली. "आई, बाबा केवढे घाबरलेत! रिक्षा बोलवू?"

"रिक्षा कशाला? चीक तो. खोबरेल लावला की सुटतो."

तात्यांनी डोळे मिटले. त्यांना मरणाच्या दारातून परत आल्यासारखं वाटलं. जाईबाईनं गुडघ्याजवळची बाटली उचलली. बूच काढलं. आणि थांबली.

मागच्या आमराईतून घुमल्यासारखा आवाज येत होता. कूप, कूप, कूप.

"दर्शना, कोण गो ता?"

"भारद्वाज, आई. रोज येतो."

"रोज? माका कधी ऐकू नाय आला."

जाईबाई तात्यांच्या बंद तोंडाकडे बघत ऐकत राहिली. तात्यांनी डोळे उघडले. बायको बुचाला पीळ देत होती. घट्ट.

"उंऽऽ?"

"खोबरेल संपला," जाईबाई म्हणाली.

बाटली तात्यांना दिसत होती. गळ्यापर्यंत भरलेली. ती पदराआड गेली, तशी त्यांची उरलेली नाकपुडी शिट्टी वाजवू लागली.

दर्शनानंही बाटली पाहिली होती. मग खाली वाकून तिनं चिकाचा पेपर गोळा करायला घेतला.

"टाकू नको तो," जाईबाई म्हणाली. "चीक काडीला गुंडाळून ठेव. परत लागेल."