शांत आयसीयू

इंदिरानगरच्या त्या खासगी हॉस्पिटलात तेजश्री व्हेंटिलेटर तपासायला पोचली, तेव्हा पेशंट भागीबाईंचा मुलगा दत्तू आयसीयूच्या दारातच उभा होता. "मॅडम, आईची छाती नीट वर येत नाय. सकाळपासून सांगतोय, कोनी ऐकत नाय."

तेजश्रीने नळीवरून हात फिरवला. चिकटपट्टी गुंडाळलेल्या चिरेतून हवा बाहेर जात होती. मोहिनी सिस्टरने हातपंपाने श्वास चालू ठेवला आणि तेवढ्यात तेजश्रीने नळी बदलली. दाब वर आला, भागीबाईंची छाती नीट हलू लागली.

पण एवढी हवा गळत असताना अलार्म का वाजला नाही? तिने सेटिंग उघडलं. दाब किती खाली गेल्यावर वाजायचं, तो आकडा कुणीतरी पार तळाला नेऊन ठेवला होता.

"डॉक्टरसाहेबांनीच सांगितलं," मोहिनी खाली बघत म्हणाली. "सारखं वाजतं, नातेवाईक घाबरतात."

तेजश्रीची कानशिलं तापली. कुणालाही न विचारता तिने भागीबाईंच्या आणि तसेच खाली नेलेले उरलेल्या पाचही व्हेंटिलेटरचे आकडे पूर्ववत केले.


त्यातले तीन लगेच वाजू लागले.