डबा मात्र हाच

“काका, कंपनीने या कॉम्प्युटरचा सपोर्ट बंद केला. चौदा वर्षं राबला, आता त्याला पेन्शनीत काढा,” दुरुस्तीवाला सुजित म्हणाला.

“आतलं सगळं नवं घाल. डबा मात्र हाच हवा.”

“डब्यात काय सोनं पुरलंय?”

टिकेकरकाका नुसते हसले. गेल्या खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा करताना पत्नीने त्या डब्यावर कुंकवाचं बोट टेकवलं होतं. दिवाळी तिने पाहिली नाही. असलं काही दुरुस्तीवाल्याला कोण सांगतं?

चार दिवसांनी सुजितने कौतुकाने डबा पुढे सरकवला. “आतून नवा, बाहेरूनही नवाच. तुमचा एवढा जीव, म्हणून थिनरने स्वतः घासला. कुंकू काही निघता निघत नव्हतं.”

काकांनी लख्ख पत्र्यावरून अंगठा फिरवला.

“चांगलं केलंस,” ते म्हणाले. “आता हा तूच ठेव.”