मधुकररावांचा हात

मेंदूत बारीक तार आणि छातीत बॅटरी बसवून मधुकरराव इंदूरहून राजघाटाजवळच्या घरी परतले. कंपवातानं सहा वर्षं थरथरणाऱ्या उजव्या हातात आज चहाचा कप होता, आणि थेंब सांडेल तर शपथ. बघायला आलेल्या शेजाऱ्यांचे डोळे भरून आले.

योगेंद्रनं मशीनचा रिमोट आईच्या हातात दिला. "आई, बाबांना भरवायचं तुझं टेन्शन खतम."

मधुकररावांनी घोट घेतला आणि बायकोकडे बघितलं. "चाय फिकी आहे."

सोजरबाईनं जुन्या सवयीनं चष्मा काढून लांब ठेवला. आधीचा, कंपवात व्हायच्या आधी, याच हाताच्या थपडेनं फुटला होता.

मग रिमोट उलटसुलट करत तिनं मुलाला हळूच विचारलं,



"योगू, हे बंद कुठून होतं रे?"